मोबाइल जोडला तरी अण्णा म्हणतात पंचम हलतोय: घरच्या अँप्लिफायरला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवू का?

पॅटर्नशॉप_मंगळवारपेठ (कोल्हापूर), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळंच लिहितो.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये कामाला आहे. लाकडात हात बसलेला आहे, इलेक्ट्रॉनिक्स मात्र बघून आणि विचारून शिकलो. गेल्या दिवाळीत वडिलांसाठी घरीच अँप्लिफायर (पुढे नुसतं अँप) केला. अण्णांचं वय ७८. पूर्वी भजनी मंडळात गायचे, देवल क्लबात गाण्याची बैठक असली की सहसा चुकवायचे नाहीत. आता गुडघ्यांमुळे बाहेर पडणं होत नाही. तरी पहाटे उठून तासभर सुरात बसतात. बोटं कापतात म्हणून खरा तानपुरा कोपऱ्यात गवसणीत उभा असतो आणि मी मोबाइलवरचा तानपुरा अँपला लावून देतो. पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर.

सेट असा आहे. एलएम ३८८६ चे (आवाज मोठा करणारे) दोन आयसी असलेला तयार स्टिरिओ बोर्ड. ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरातून वाइंडिंग करून घेतला, २४-०-२४ व्होल्ट, ५ अँपिअर. ब्रिज (एसीचा डीसी करणारा) ३५ अँपिअरचा. फिल्टरला १०,००० मायक्रोफॅरडचे चार कॅपॅसिटर, दोन प्लसला, दोन मायनसला. कॅबिनेट दीड मिलिमीटर पत्र्याची, थ्री पिन कॉर्ड, अर्थची (जमिनीला जोडणारी) वायर पावडर कोटिंग खरवडून पत्र्याला बोल्टने आवळली आहे. स्पीकर ८ इंची, ८ ओहमचे. खोकी १८ मिलिमीटर प्लायची, ती माझ्या हातची आहेत आणि त्यांच्याबद्दल मला खात्री आहे.

घर जुनं. अँप खाली सोप्यात असतो. कॉम्प्युटर माडीवर. माडीचं वायरिंग बऱ्याच वर्षांनी नंतर झालं, तेव्हा वायरमनने मागच्या परसात अर्थिंगचा वेगळा खड्डा काढला. पुढच्या दारापाशी जुना खड्डा आहेच. अण्णांच्या मंडळाच्या जुन्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवतोय. त्या त्यांना खाली ऐकता याव्यात म्हणून माडीवरून ८ मीटर शिल्ड वायर (आतल्या तारेभोवती जाळी, म्हणजे शिल्ड, असलेली) खाली आणली.

आता त्रास. ही वायर अँपला लावली की घर्रर्र असा आवाज भरून येतो, आवाज वाढवला की तोही वाढतो. वायर काढली की बंद. मोबाइल लावला तर माझ्या कानाला काहीच ऐकू येत नाही. मात्र मोबाइल चार्जिंगला लावून वाजवला की थोडी घरघर परत येते.

आणखी एक गोष्ट. लिहू की नको असं झालं होतं. मोबाइल लावलेला असतो, चार्जर नसतो, तरीही अण्णा रोज म्हणतात, "पंचम हलतोय रे. मणी सरकव जरा." मणी म्हणजे तारेचा सूर बारीक जुळवायचा मणी; मोबाइलवरच्या तानपुऱ्याला कुठला मणी! तोच मोबाइल इअरफोनवर दिला की म्हणतात, "आता बरोबर आहे." डॉक्टरांनी सांगितलंय की वयामुळे त्यांना बारीक आवाज कमी ऐकू येतात. त्यामुळे ही तक्रार किती धरायची ते मला कळेना.

तीन सल्ले मिळालेत. वाइंडिंगवाला म्हणतो, २३० ला २३० चा ५०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मध्ये तारेची थेट जोड न ठेवता वीज पुढे देणारा) करून देतो, त्यावर अँप चालव. दुकानदार म्हणतो, ६०० ओहमचा छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वायरमध्ये टाक. मित्र म्हणतो, अर्थची पिन काढून टाक. काय करू?

बेसकिंग_गडहिंग्लज

पिन काढ आणि मोकळा हो भावा. माझ्या सेटला तीन वर्षं अर्थ नाही, हमिंग शून्य. ट्रान्सफॉर्मरवर पैसे घालू नकोस.

मंडपातला_माइक (इचलकरंजी)

वरचा सल्ला कृपा करून ऐकू नका. मी साउंडचं काम करते, भजन, कीर्तन, गणपती. काही वर्षांपूर्वी एका मंडपात असाच अर्थ तोडलेला अँप होता. पाऊस झालेला, सतरंजी ओली. गाणाऱ्या मुलाने माइक ओठाजवळ नेला आणि त्याच्या ओठाला चटका बसला. माइक हातातून पडला म्हणून वाचला. अँपमध्ये ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं होतं, पत्र्यात फेज उतरलेला, आणि तो जमिनीत जायला वाटच नव्हती. अर्थ असता तर फ्यूज उडाला असता आणि विषय संपला असता. तो मुलगा नंतर दोन वर्षं माइकला हात लावायला घाबरत होता.

आमच्या कामात डीआय बॉक्स वापरतात, वाद्य आणि मिक्सर यांच्या मधली डबी. त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते बटण सिग्नलच्या वायरची शिल्ड सोडवतं. विजेच्या अर्थला ते हात लावत नाही. घरच्या सेटलाही हाच नियम लावा: लूप, म्हणजे दोन अर्थांमधून फिरणाऱ्या करंटचा फेरा, तोडायचा तो सिग्नलच्या वायरीत. भिंतीतल्या पिनेत कधीच नाही.

जुना_रेडिओवाला (शाहूपुरी)

ताईंनी अगदी बरोबर सांगितलंय. गडहिंग्लजच्या भावा, राग मानू नकोस, पण आज घरी गेलास की पहिली ती पिन बसव. घरात लेकरं असतील.

आता पॅटर्नशॉप, तुझ्याशी बोलतो. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं चालवलं, आता बंद केलं. हमिंगची तक्रार घेऊन आलेला माणूस आधीच ठरवून आलेला असतो, हे बदला, ते टाका. तू मात्र सगळं नीट लिहिलंस, आणि जे लिहू की नको म्हणालास तेच सगळ्यांत कामाचं आहे. अण्णांचं ऐक. त्यांच्या कानात काही दोष न्हाई, दोष तुझ्या कॅबिनेटमध्ये हाय.

कसं ते बघ. काळी एक म्हणजे षड्ज (सा) १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याची पहिली तार मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प), ती येते १०३.९ वर. आपली लाईट ५० हर्ट्झची. ब्रिजमधून गेली की दोन्ही अर्ध्या लहरी एकाच बाजूला येतात, म्हणून फिल्टरवर जी लहर उरते ती १०० हर्ट्झची. आता १०३.९ चा पंचम आणि १०० ची गुणगुण एकत्र वाजली तर काय होईल? दोघांतल्या फरकाइतक्या लाटा उठतात, सेकंदाला जवळजवळ चार. पंचमाची तार छेडली की वांव-वांव-वांव-वांव. तुझ्या अँपमध्ये तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधोमध कुठंतरी एक तार सारखी वाजतीय, आणि ती कुणी लावलेली न्हाई. ज्या माणसाने आयुष्यभर मणी सरकवून पंचम लावला, त्याला हे टोचणारच. तुला नुसती १०० ची गुणगुण ऐकू येत न्हाई कारण ती बारकी हाय. अण्णांनाही ती गुणगुण म्हणून ऐकू येत नसेल. त्यांना पंचम हललेला कळतो. आणि वयाने कान जातो तो वरच्या बाजूने, बारीक आवाजांचा. १०० हर्ट्झ हा खालचा आवाज, तिथं ७८ व्या वर्षीही कान बहुतेक बराच शाबूत असतो.

म्हणजे तुझ्याकडे हमिंग दोन आहेत आणि दोन्हींची कारणं वेगळी.

एक, माडीवरच्या वायरीने येणारं घर्रर्र. ते ग्राउंड लूपचं. कॉम्प्युटरचा पत्रा परसातल्या खड्ड्याला, अँपचा पत्रा पुढच्या खड्ड्याला. दोन खड्ड्यांमध्ये कायम थोडा व्होल्टेज फरक असतो. तुझ्या शिल्ड वायरने दोन्ही पत्रे एकमेकांना जोडले, आता तो फरक त्या शिल्डमधून करंट वाहवतो. शिल्ड हीच सिग्नलची परतीची वाट, त्यामुळे तिथं जे व्होल्टेज पडतं ते गाण्यात मिसळतं. मोबाइलला चार्जर लावल्यावर येणारी घरघरही तसलीच, चार्जर लाईटच्या लाइनमधून थोडी गळती आणतो. नुसत्या बॅटरीवरच्या मोबाइलला अर्थ नसतो, लूपच होत न्हाई. म्हणून तर म्हणतो, मोबाइलवर पंचम हलतो याचा अर्थ ते दुसरं हमिंग अँपच्या पोटातलं हाय. त्याला वायरीतला कुठलाही आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काही करू शकणार न्हाई. तू दुकानदाराचा माल टाकला असतास, घर्रर्र गेलं असतं, आणि अण्णा दुसऱ्या दिवशी परत म्हणाले असते, मणी सरकव.

वाइंडिंगवाल्याचा २३० ला २३० चा तर विसरून जा. त्याच्या पलीकडे अर्थ तसाच पुढे नेलास तर लूप जसाच्या तसा राहतो, कारण लूप अर्थचा आहे, फेज-न्यूट्रलचा न्हाई. आणि अर्थ पुढे नेला न्हाईस तर तुझा पत्रा अधांतरी. शिवाय घरात आरसीसीबी (गळती झाली की लाईट तोडणारा स्विच) असेल तर त्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे काय गळतंय ते तिला दिसतच न्हाई. तिथं ती कुणाला वाचवणार न्हाई.

आधी एवढं करून सांग. एक आरसीए पिन (ऑडिओच्या वायरीची) घे, मधली पिन आणि बाहेरची कडी एकमेकांना सोल्डर कर. अशा दोन. अँपच्या दोन्ही इनपुटमध्ये त्या घाल, बाकी सगळ्या वायरी काढ. रात्री घर शांत झाल्यावर स्पीकरला कान लाव. व्हॉल्यूम कमी-जास्त करून बघ गुणगुण बदलते का. मीटरमध्ये मिलीव्होल्ट एसी असेल तर स्पीकरच्या टोकांवर रीडिंग घे. आणि दोन कॅपॅसिटरच्या मधल्या जोडापाशी कुठल्या-कुठल्या वायरी आल्यात त्याचं चित्र काढ.

पॅटर्नशॉप_मंगळवारपेठ, बुधवार रात्री

काका, तुमचा मेसेज अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली. बरोबर. तिथंच आहे." मला फार अपराधी वाटलं. चार महिने मी त्यांना "तुम्हाला भास होतोय" म्हणत होतो.

शॉर्ट केलेल्या पिना घातल्या. गुणगुण आहे. कान स्पीकरच्या कागदाजवळ नेला की स्पष्ट ऐकू येते, पूर्ण घर झोपल्यावर हातभर अंतरावरूनही. व्हॉल्यूम शून्यावर असो की पूर्ण, फरक नाही. मित्राचा चांगला मीटर आणला, स्पीकरवर ३८ मिलीव्होल्ट.

मधल्या जोडाचं सांगतो. प्लसचे कॅपॅसिटर डाव्या हाताला, मायनसचे उजव्या हाताला, मध्ये साधारण १२ सेंटिमीटरची एक चौरस मिलिमीटरची काळी वायर. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर तिच्या डाव्या टोकाला. बोर्डाचं ग्राउंड उजव्या टोकाला. एका स्पीकरचं मायनस डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे, जिथं हात पोचला तिथं. इनपुटची शिल्ड डाव्या टोकाला. शिवाय आरसीए सॉकेट थेट पत्र्यात आवळलेले आहेत.

जुना_रेडिओवाला

मग सापडला की चोर. ती १२ सेंटिमीटरची काळी वायर.

कॅपॅसिटर करंट कसा घेतो ते डोळ्यांपुढे आण. सारखी धार नसते. सेकंदाला शंभर वेळा, लहरीच्या टोकावर, एकदम गचका देऊन भरतो. अँप काही वाजवत नसला तरी दोन आयसी मिळून १०० मिलीअँपिअरच्या आसपास खातात, तेवढं भरून काढायला गचका एक अँपिअरचा धर. तुझ्या वायरीचा रेझिस्टन्स साधारण दोन मिलीओहम. त्या तुकड्यावर दोन मिलीव्होल्ट पडले. इनपुटचं ग्राउंड एका टोकाला, बोर्डाचं दुसऱ्या टोकाला, म्हणजे हे दोन मिलीव्होल्ट आयसीला सिग्नलच वाटतात. या आयसीचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) बहुतेक बोर्डांवर २०-२१ असतो. गुणाकार करून बघ, तुझ्या मीटरच्या जवळपास जाऊन पोचशील. वाइंडिंगवाल्याचा दोष न्हाई, बोर्डाचाही न्हाई.

उपाय फुकटाचा हाय. कॅपॅसिटरमधली वायर जाड आणि जमेल तितकी आखूड कर, आणि ट्रान्सफॉर्मरची मधली वायर तिच्या मध्यावर आण. मग त्याच मध्यावरून एक जाड वायर बाजूला काढ, पाच-सहा सेंटिमीटर, इंग्रजी टी अक्षरासारखी, आणि तिच्या टोकाला एक पितळी बोल्ट. बोर्डाचं ग्राउंड, दोन्ही स्पीकरची मायनस, सगळं त्या बोल्टवर. इनपुटची शिल्ड बोर्डावरच्या इनपुट ग्राउंडला. कॅपॅसिटरच्या मधल्या वायरीवर बाकी काही बसता कामा न्हाई. गचके त्या रस्त्याने जाऊ देत, गाण्याने दुसऱ्या रस्त्याने जावं.

आरसीए सॉकेट पत्र्यापासून फायबर वॉशर घालून वेगळे कर. पत्र्याला थेट लागलेला सॉकेट म्हणजे पुढे तू कितीही खटपट कर, लूप मागच्या दाराने येणार. पत्र्याचा अर्थ मात्र आहे तिथंच, तसाच घट्ट. आणि तो पितळी बोल्ट पत्र्याला जोडताना मध्ये १० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर घाल, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि एक ३५ अँपिअरचा ब्रिज. ब्रिजचे प्लस-मायनस एकमेकांना जोडायचे, दोन एसी पिनांपैकी एक बोल्टला, दुसरी पत्र्याला. रोजच्याला बारका लूप करंट त्या दहा ओहमवर अडतो, आणि उद्या आत फेज उतरलाच तर ब्रिज सगळा करंट अर्थला वाहून नेतो आणि फ्यूज उडतो.

कॅबिनेट उघडण्याआधी पिन काढ आणि कॅपॅसिटर उतरवून घे, १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर दोन्ही बाजूंना वीस-तीस सेकंद धरून. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी काढू नकोस, पोरं काढतात तशी.

पॅटर्नशॉप_मंगळवारपेठ, रविवार दुपारी

काल रात्री सगळं केलं. पितळी बोल्ट शॉपमधल्या एका जुन्या पॅटर्न प्लेटचा वापरला. शॉर्ट पिना घालून रीडिंग घेतलं: ३८ होतं तिथं आता २ च्या खाली. स्पीकरच्या कागदाला कान टेकवला तरी काही नाही. बल्ब लावून बघितलं अँप चालू आहे ना म्हणून.

आज सकाळी काही न सांगता नेहमीसारखा मोबाइल लावून दिला. अण्णांनी डोळे मिटले. पंचम गेला, जोड (षड्जाच्या दोन तारा) गेली, खरज (खालचा षड्ज) गेला, परत पंचम. दहा-बारा फेऱ्या झाल्या असतील. मग त्यांनी षड्ज लावला आणि तासाच्या वर बसले. चहा तसाच निवला.

आता माडीवरची वायर. लूपवाला भाग बराच कमी झालाय पण आहे. दोन पत्र्यांमध्ये मीटर लावला तर एक व्होल्टच्या वर एसी दाखवतो. म्हणून दोन जुन्या बंद डायल-अप मॉडेममधून ६०० ला ६०० चे ट्रान्सफॉर्मर काढले, डावा-उजवा, आणि पत्र्याच्या डब्यात बसवून वायरीत टाकले. घर्रर्र होतं तेवढंच राहिलं. मग ताईंचं वाक्य आठवलं आणि डबा उघडून बघितला: इकडचे आणि तिकडचे सॉकेट दोन्ही त्याच पत्र्यात आवळलेले. ट्रान्सफॉर्मरने तोडलेलं डब्याने जोडून ठेवलं होतं. तेच सगळं प्लॅस्टिकच्या साबणाच्या डबीत घातलं, दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवलं, आणि घर्रर्र संपलं. अगदी संपलं.

पण अण्णांची कॅसेट लावली तर ते म्हणाले, "खरज कुठे गेला?" आणि यावेळी मलाही ऐकू आलं. डग्गा नुसता टपटप वाजतोय, घुमत नाही. आवाज वाढवला की खालच्या सुरात फाटल्यासारखं होतं.

जुना_रेडिओवाला

दोन मिलीव्होल्ट वाचून बरं वाटलं. अण्णा तासभर बसले हे वाचून जास्त.

मॉडेमचा ट्रान्सफॉर्मर टेलिफोनच्या लाइनसाठी बनवलेला असतो. टेलिफोनला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात, माणसाचं बोलणं त्यात बसतं. काळी एकचा खरज ६९ हर्ट्झवर हाय. त्याच्याकडून ६९ ची अपेक्षा करणं म्हणजे सायकलच्या कॅरिअरवर उसाची मोळी. सिग्नल तेवढ्याच व्होल्टचा ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकत्व, दुप्पट होतो. म्हणून बारका कोअर आधी खालच्या सुरात भरतो आणि फाटतो, वरचं सगळं स्वच्छ वाजत असताना. ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांना जे ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतात, त्यातही बहुतेक असलीच बारकी जोडी असते. ती बोलण्याला, बातम्यांना ठीक. तानपुऱ्याला न्हाई.

आज लगेच करण्यासारखं: कॉम्प्युटरचं व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली आण आणि अँपवर वाढव. कोअरवर ताण कमी पडेल, फाटणं थांबेल. पण खरज पूर्ण यायला मोठ्या कोअरचा, प्रायमरीला भरपूर इंडक्टन्स असलेला, १० के ला १० के (दहा हजार ओहम) चा लाइन ट्रान्सफॉर्मर लागतो. दुकान बंद केलं तेव्हा अशी एक जोडी ठेवून दिली होती, धातूच्या टोपणातली. शाहूपुरीत ये आणि घेऊन जा, पत्ता निरोपात कळवतो. पैसे नकोत.

बसवताना तीन गोष्टी. डबी अँपच्या टोकाला ठेव, माडीवर न्हाई. ८ मीटरची लांब वायर कॉम्प्युटरकडच्या बाजूला राहू दे, डबीपासून अँपपर्यंतची वीतभरच असावी. टोपणाचं ग्राउंड अँपच्या बाजूला जोड. आणि अँपच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून किमान फूटभर लांब ठेव, न्हाईतर त्याचं चुंबकीय क्षेत्र हा पकडतो आणि ५० हर्ट्झ परत गाण्यात येतं. बसवून झाल्यावर अँप चालू ठेवून डबी हातात धर आणि हळूहळू फिरव. एका दिशेला एकदम शांत होतं. तिथंच चिकटव.

आणि ते एक व्होल्ट. तो लूप ऑडिओत तोडलास तरी घरात दोन न जोडलेले अर्थिंग ठेवणं बरोबर न्हाई. एकाच घरातले खड्डे एकमेकांना जोडलेले असावेत, अर्थिंगचं आयएस ३०४३ हेच सांगतं. लायसन्सवाला वायरमन बोलवून ते करून घे.

मंडपातला_माइक

साबणाच्या डबीचं वाचून आमचा पहिला डीआय आठवला, तोही आम्ही घरीच असा केला होता. एक सुचवते. पुढे टीव्ही याच अँपला जोडणार असाल तर डिशच्या केबलची शिल्डही कुठेतरी अर्थ झालेली असते, म्हणजे तिसरी वाट. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर तेच वापरा, अँपच्या टोकाला ऑप्टिकलचा साधा ऑडिओ करणारा कन्व्हर्टर घालून; काचेसारख्या तारेतून करंट वाहत नाही.

पॅटर्नशॉप_मंगळवारपेठ, पुढच्या रविवारी

काकांकडून जोडी आणली. त्यांनी चहा पाजला आणि एक जुना व्हॉल्व्हचा सेट उघडून दाखवला, त्यात सगळी ग्राउंड एकाच टॅगवर आणलेली होती.

प्लॅस्टिकच्या डब्याऐवजी सागाच्या तुकड्यात दोन खाचे कोरून ट्रान्सफॉर्मर बसवले. लाकडात तर माझंच राज्य. हातात धरून फिरवत गेलो आणि खरंच, अँपच्या ट्रान्सफॉर्मरला काटकोनात आल्यावर जी काही कुजबुज होती ती नाहीशी झाली. तिथे दोन स्क्रू मारले.

मंडळाची जी कॅसेट लावली ती कुठल्या वर्षीची ते अण्णांनाही नक्की सांगता येईना. त्यात त्यांचाच आवाज आहे, मागे मंडळाचा तानपुरा. खरज आला. डग्गा घुमला. मध्येच कुणीतरी खोकतं, तोही माणूस अण्णांनी ओळखला. पहिली बाजू संपल्यावर म्हणाले, "त्या दिवशी पंचम खरंच थोडा उतरलेला होता. मी गाताना सांगितलंही होतं." मग कोपऱ्यातल्या तानपुऱ्याची गवसणी काढायला लावली. पंचमाची तार त्यांनी मला छेडायला दिली आणि मणी स्वतः सरकवला.

काका, वायरमन शुक्रवारी येतोय दोन्ही खड्डे जोडायला. पट्टी तांब्याची घेऊ की जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) चालेल?

जुना_रेडिओवाला

खड्ड्यातले पाइप जीआयचे असतील तर पट्टीही जीआयचीच घे. तांबं आणि जीआय ओल्या मातीत एकत्र आले की जीआय सडतं. जोड वेल्ड करून वर डांबर लावायला सांग. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी दोन्ही खड्ड्यांत घालत जा, माती वाळली की अर्थ नावालाच उरतो. अण्णांना नमस्कार सांग.